कॉलरपलीकडचा सदरा

आम्ही दोघी जावा. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात एकाच रांगेत बसतो. थोरलीला तिथे ११ वर्षं झाली, धाकटीला ६. थोरली कॉलर शिवते, धाकटी खिसे लावते. मजुरी नगावर मिळते. तिच्यातून मुलांची फी, किराणा आणि अम्मींची औषधं भागतात, त्यामुळे मजुरीची किंमत आम्हाला कोणी शिकवायला नको. तरीही कामावर मन रमतं की नाही, हे नुसत्या मजुरीवर ठरत नाही, असं आम्हाला अनुभवावरून वाटतं.

धाकटीचंच बघा. सुपरवायझरनं दिवसाला ३०० खिशांचं टार्गेट दिलं होतं. पहिल्या वर्षी ते जमेना, मग हात बसला आणि रोज जमू लागलं. चार पैसे वाढले, त्याचा आनंदही झाला. पण तो आठवडाभरसुद्धा टिकला नाही. कारण संध्याकाळी ३०० झाले, तरी सकाळी मोजणी पुन्हा एकपासून. कालचं काही हाताशी उरत नसे.

थोरलीचं दुखणं वेगळं होतं. इतकी वर्षं हजारो सदऱ्यांना कॉलर लावली, पण अख्खा सदरा एकदाही बेतला नव्हता. कटिंग मास्टरचं काम वेगळं, आपलं वेगळं. पुढे डोळे थकले, किंवा अम्मींसाठी घरी थांबावं लागलं, तर नुसत्या कॉलरवर घरी कोण काम देणार? म्हणून तिनं ठरवलं, माप घेण्यापासून काज-बटणापर्यंत पूर्ण सदरा शिकायचा. त्याच सुमारास धाकटीनं स्वतःचं मशीन स्वतः दुरुस्त करायचं मनावर घेतलं. मशीन बंद पडलं की मेकॅनिक येईपर्यंत तासभर हात बांधून बसायचं, आणि नगावरच्या मजुरीत तो तास आपल्याच खिशातून जातो.

दोन्ही कामं सोपी नव्हती. मास्टर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं दाखवायचे, तेवढंच. थोरली घरी जुन्या वर्तमानपत्रावर खांद्याचा उतार आणि मुंढा काढून बघायची. पहिले कितीतरी कागद वाया गेले. धाकटी मेकॅनिकच्या बाजूला उभी राहून बघायची. आधी टाक्यांचा ताण, मग पट्टा, मग सुई आणि हुकाचा मेळ. पण त्या दिवसांत आम्हाला एक गोष्ट जाणवली. मजुरी तीच, पंखे तेच, सुपरवायझरचं बोलणंही तेच; तरी संध्याकाळी पाय जड वाटत नव्हते.

आमची भाची मानसशास्त्र घेऊन बीए करते. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "खाला, यावर तर अभ्यास झालाय." अमेरिकेतल्या तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या दोघांनी ७ कंपन्यांतल्या २३८ कर्मचाऱ्यांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, सुमारे १२,०००. २०११ साली त्यावर पुस्तक आलं. ज्या दिवशी माणसाचं मन कामावर प्रसन्न होतं, त्या दिवशी बहुतेक वेळा त्याचं अर्थपूर्ण काम थोडंसं का होईना, पुढे सरकलेलं होतं. आणि काम अडलं, मागे गेलं, की त्याचा सल त्या आनंदापेक्षा जास्त. बेटिना वीझ आणि अलेक्झांड्रा फ्रॉइंड यांच्या २००५ सालच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. स्वतःच्या ध्येयाकडे सरकल्यानं मनाला बरं वाटलं, पण ते ध्येय ज्यांना अवघड वाटत होतं, त्यांनाच. पहिला अभ्यास ऑफिसात बसणाऱ्या लोकांचा, आम्ही मशीनवर बसणाऱ्या. पण खिशांच्या टार्गेटचा आनंद का टिकला नाही, ते आम्हाला त्यातून उमगलं.

अडल्याचा सलही आम्ही भोगला आहे. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या सीझनला मास्टरांची शनिवारची पंधरा मिनिटं बंद झाली. थोरली घरी येऊन गप्प भाकरी थापायची. एका रात्री म्हणाली, काम सोडते. घरात सगळे घाबरले, कारण फी भरायची बाकी होती. तेव्हा धाकटी म्हणाली, "भाभी, अख्खा सदरा राहू दे. रोज एकच रेषा काढ." मग रोज रात्री एक रेषा. कधी गळ्याची, कधी बाहीची. सीझन संपेपर्यंत तेवढंच चाललं, पण चालत राहिलं. काम सोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

यावरून कोणी असं समजू नये, की मन रमलं म्हणजे मजुरी कमी चालते. पगार थकला किंवा छत गळत असलं, तर तो प्रश्न मालकाकडेच मांडायचा. स्वतःचं ध्येय हा त्याला पर्याय नाही. पण मालकानं ठरवलेल्या आकड्याशेजारी आपलं स्वतःचं एक काम असलं, अवघड आणि रात्रीत पुसलं न जाणारं, तर दिवस नुसता खर्ची पडत नाही.

आणि ते काम घराच्या आधारानं चालतं. आमच्याकडे मुलांनी संध्याकाळची भांडी घेतली, म्हणून कागदावर रेषा काढायला अर्धा तास निघाला. तुमच्या घरातलंही कोणी कारखान्यात, दुकानात, शाळेत कामाला जात असेल. कमाई विचारता तसं त्याला हेही विचारा, की तू स्वतःसाठी काय शिकतोयस, ते कुठवर आलं. आणि त्यासाठी थोडा वेळ मोकळा करून द्या.

गेल्या ईदला घरातल्या सर्वांत धाकट्या मुलानं घातलेला सदरा थोरलीनं बेतला आणि शिवला. डावी बाही किंचित आखूड झाली आहे. तो सदरा शिवताना मशीनचा धागा चारदा तुटला, आणि चारही वेळा धाकटीनंच ते दुरुस्त केलं.