थांबा, आधी उत्तर लिहा!

व्हिडिओ मधेच थांबला! नेट गेलं नव्हतं, मुद्दाम थांबवला होता. आयआयटी मुंबईतल्या एज्युकेशनल टेक्नॉलॉजीच्या मंडळींनी ऑनलाइन कोर्सची एक रचना बसवली आहे. तिच्यात व्हिडिओच्या ऐन मध्यात अशा जागा असतात, ‘रिफ्लेक्शन स्पॉट’ नावाच्या. शिकवणारा प्रश्न टाकतो आणि सांगतो, थांबा, उत्तर लिहा, मग पुढे चला. बस, एवढंच! अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणारा मी खुर्चीत ताठ झालो. व्हिडिओ बघताना माझ्या हातात चक्क पेन!

मग मी हात धुऊन ‘व्हिडिओतून फिजिक्स शिकवावं कसं’ या विषयाच्या मागे लागलो आणि सापडला डेरेक मुलर. यूट्यूबवरचा ‘व्हेरिटॅसियम’वाला हो! आमची पोरं जेवतानासुद्धा त्याचेच व्हिडिओ लावून बसतात. या पठ्ठ्यानं सिडनी विद्यापीठात याच विषयावर पीएचडी केली आहे, कुणी बोललं कसं नाही मला?

त्याचा प्रयोग ऐकाच. एका गटाला स्वच्छ, मुद्देसूद व्हिडिओ दाखवला. मुलं खूश, ‘सोपा आहे, समजला.’ चाचणीत आधी २६ पैकी सरासरी ६ गुण होते, व्हिडिओनंतर किती? ६.३! दुसऱ्या व्हिडिओत दोघांचा संवाद. चेंडू वर फेकला की हाताचा जोर त्याच्यात शिल्लक राहतो, असं एक जण बिनधास्त म्हणतो (माझ्या वर्गातली निम्मी मुलं हेच लिहितात) आणि दुसरा त्याला खोदून खोदून विचारतो. मुलं वैतागली. गोंधळ होतो म्हणाली, डोकं शिणतं म्हणाली. आणि गुण गेले जवळपास ११ वर!

म्हणजे ‘सर, मस्त समजलं’ हे ऐकून आम्ही सुखावतो, तिथेच पाणी मुरतंय! गुळगुळीत व्हिडिओ बघताना मुलाला वाटतं, हे तर मला येतंच. त्याचा चुकीचा समज जागचा हलत नाही, उलट आणखी पक्का होतो. तो समज आधी पडद्यावर उघडा पाडायचा, मग नियम सांगायचा!

रात्री मुलरचा स्लिंकीचा व्हिडिओ घरी सगळ्यांना दाखवला. उभी लोंबती धरलेली स्प्रिंग सोडायची. आधी कोणतं टोक हलेल? मी पॉज दाबून बसलो. आई म्हणाली खालचं, मुलगी म्हणाली दोन्ही, बायको म्हणाली, “अहो, लावा ना आता!” लावला. वरची वेटोळी गोळा होत खाली पोचेपर्यंत खालचं टोक हवेत जागच्या जागी! वरचा हात सुटल्याची खबर खाली पोचायलाच वेळ लागतो. आईनं परत परत लावायला लावला. आधी पैज लावली नसती, तर कोण बघतंय दुसऱ्यांदा?

सगळीकडे हे चालणार नाही, मान्य. व्हर्निअर कॅलिपर कसा वाचायचा, हे सरळ दाखवावं. तिथे कोडी घालणं हा छळ आहे.

माझा पहिला व्हिडिओ लिहायला घेतलाय. खिडक्या बंद असलेली एसटी वेगात चालली आहे. सीटला दोरीनं बांधलेला हेलियमचा फुगा हवेत तरंगतोय. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. प्रवासी पुढे झुकले. फुगा कुठे जाईल? इथे व्हिडिओ थांबतो. घ्या पेन.