दुभाष्याविना बिबट्या

बंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या सोसायट्यांत पुण्या-नाशिकहून आयटीच्या नोकरीसाठी आलेली मराठी घरं पुष्कळ. अशा एखाद्या घरात सुट्टीच्या दिवशी ‘बॅक टू द आउटबॅक’ लागला की पोरं जागची हलत नाहीत. ऑस्ट्रेलियात घडणाऱ्या २०२१च्या या अ‍ॅनिमेशनपटातली मॅडी तायपान जातीची, म्हणजे जगातल्या अतिजहाल सापांपैकी एक. पण मनाने लोण्याहून मऊ. प्राणिसंग्रहालयात तिला राक्षसीण म्हणून मिरवतात, प्रेक्षक किंचाळतात, ती हिरमुसते. अखेर काटेरी सरडा, कोळी आणि विंचू यांना घेऊन ती पळ काढते. सोबत नाइलाजाने एक कोआला येतो, दिसायला गोजिरा आणि स्वभावाने खडूस.

मॅडीसाठी डोळे पुसणारं तेच पोर उद्या पार्किंगमध्ये बिनविषारी धामण दिसली तर किंचाळणारच. त्याला दोष कसा द्यायचा? धामण बोलत नाही, आणि तिला मॅडीसारख्या पापण्याही नाहीत.

आपल्याकडे अशा बोलक्या प्राण्यांच्या चित्रपटाचा मोठा प्रयत्न झाला तो पुण्यात. क्रेयॉन पिक्चर्सने केलेला, निखिल अडवाणी यांनी दिग्दर्शित केलेला ‘दिल्ली सफारी’ २०१२ साली आला आणि सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचं राष्ट्रीय पारितोषिक घेऊन गेला. मुंबईच्या जंगलावर बुलडोझर चालतो, बिबट्याच्या बछड्याचा बाप मारला जातो आणि प्राणी थेट संसदेकडे निघतात. गंमत अशी, की त्यांना एका पोपटाची मनधरणी करावी लागते. माणसांची भाषा तेवढी त्यालाच येते. पटकथेतली ही सोय फार बोलकी आहे. दुभाष्या मिळाला नाही, तर जंगलाची बाजू दिल्लीत मांडायची कोणी?

त्या चित्रपटात बछड्याच्या आईला आवाज दिला होता ऊर्मिला मातोंडकर यांनी. दोनच वर्षांनी त्या सुजय डहाके यांच्या ‘आजोबा’त बिबट्याच्या मागावर निघालेल्या दिसल्या. या खेपेला बिबट्या एक अक्षर बोलत नव्हता.

कारण हा आजोबा खरा होता. २००९ साली तो नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडला. वन खात्याने त्याला बाहेर काढलं, संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि माळशेज घाटात त्याला सोडून दिलं. गडी थांबला नाही. कसाऱ्याकडचे रूळ, मुंबई-आग्रा महामार्ग, गावं, शेतं ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या जंगलाशी येऊन पोचला. वाटेत कुणाला ओरखडाही काढला नाही. पट्ट्याचे संदेश कधीच बंद पडले होते. २०११च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीची धडक बसून तो मेला, तेव्हा शरीरातल्या चिपवरून ओळख पटली.

आजोबाला आपल्याविषयी कोणाचा गैरसमज दूर करायचा नव्हता. तो फक्त चालत होता. तरी त्या चालीने जे सांगितलं ते दहा पोपटांना जमलं नसतं. अत्रेय यांनीच नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात उसात कॅमेरे लावले, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच प्रौढ बिबटे निघाले. आणि माणसं चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त. रात्री बांधावरून जाणारा प्राणी बहुतेकांना दिसतही नव्हता. त्याचं मुख्य खाणं गावची कुत्री.

म्हणून त्याला लोण्याच्या मनाचा ठरवायची गरज नाही. जुन्नर-शिरूरच्या ज्या घरातलं लेकरू बिबट्याने नेलं, त्या घराला ‘बिचारा प्राणी’ ऐकवणं क्रूरपणाच होईल. पण तिथलाच एक हिशेब विसरता येत नाही. २००१ ते २००३च्या दरम्यान जुन्नरमध्ये बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दुसरीकडे सोडले गेले, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले. पिंजऱ्याने प्रश्न सुटेल, ही समजूत अगदी शहाण्यासुरत्या लोकांची होती.

बंगळूरलाही या पाहुण्याची ओळख आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये, सर्जापूर रोडच्या थोडं उत्तरेला, कुंदलहळ्ळीच्या एका शाळेत बिबट्या शिरला. रविवार असल्याने वर्ग रिकामे होते. वन्यजीव संशोधक संजय गुब्बी फाटकावर चढत असताना त्याने त्यांना खाली ओढलं. ती दृश्यं जगभर फिरली. शाळेभोवती, गल्लीत आणि गच्चीगच्चीवर जमलेली अफाट गर्दी मात्र त्या चौकटीत आली नाही. चित्रपटवाल्यांनाही ती दिसत नाही. त्यांच्याकडे खलनायक म्हणून नेहमी एखादा बिल्डर नाही तर शिकारी असतो; मोबाइल उंचावून कुंपणावर चढलेला शेजारी कधीच नसतो.

मुंबईत २०११ पासून राष्ट्रीय उद्यान, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून नेमकं या शेजाऱ्याकडेच लक्ष वळवलं. कचरा साठू देऊ नका, म्हणजे कुत्री वाढणार नाहीत. अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका. बिबट्या दिसला तर घेरू नका, त्याला वाट द्या. यात पटकथेजोगं काहीच नाही.

ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस सर्जापूर रोडपासून काही किलोमीटरवर, सिंगसंद्रच्या एका सोसायटीच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला. काही दिवस शोध चालला. १ नोव्हेंबरला कूडलूजवळ त्याला गाठलं, तेव्हा तो बेशुद्ध करायला आलेल्या चमूवर धावून गेला, गोळी चालली आणि तो मेला.