पासपोर्ट कुणाकडे?

आमच्या मोहल्ल्यात आखात म्हटलं की आधी कफील आठवतो. अब्बांचा पासपोर्ट कफीलच्या कपाटात असायचा. दादींचा इंतकाल झाला तेव्हा त्यानं तो दिला नाही. अब्बांना जनाज्याला खांदासुद्धा देता आला नाही.

आता भाचा दुबईला निघालाय, रिमोट वर्क व्हिसावर. काम लंडनच्या कंपनीचं, बसायचं दुबईत. एक वर्षाचा व्हिसा, स्वतःच्याच हमीवर. पगार मात्र महिना किमान ३,५०० डॉलर हवा. (आम्हा मास्तरांनी हा हिशेब रुपयांत करू नये.)

अम्मीनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "पासपोर्ट कुणाकडे राहणार?"

"माझ्याकडेच, नानी."

तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

"मग माझ्या मय्यतीला येशील," ती म्हणाली.