डाव्या वळणावरचा आवाज

माझे भाऊजी व्यवसायाने इंजिनिअर. गेल्या चाळीसहून अधिक वर्षांपासून ते मिशिगनमध्ये राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी १९७६ सालचे एक जीएमसी मोटरहोम विकत घेतले, तेव्हा ताईने मला फोनवर सांगितले होते, "यांनी म्हातारपणी सवत आणलीय." २०१८ च्या उन्हाळ्यात मी त्या दोघांकडे गेलो आणि त्या सवतीच्या पोटात बसून उत्तरेकडे निघालो. त्या प्रवासात मी एक खोटे उत्तर दिले. ते इतके क्षुल्लक होते की त्या वेळी ते मलाही खोटे वाटले नव्हते. हा लेख त्या उत्तराविषयी आहे.

आधी गाडीविषयी सांगायला हवे. ही मोटरहोम १९७३ ते १९७८ या काळात डेट्रॉइटजवळच्या पॉन्टिअॅक गावी बनली. ट्रकच्या सांगाड्यावर खोके चढवून फिरते घर करायचे, ही त्या काळची सरळ पद्धत. या गाडीच्या रचनाकारांनी ती सोडली आणि इंजिनाची शक्ती पुढच्याच चाकांना दिली. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नसल्यामुळे घराची जमीन रस्त्याच्या अगदी जवळ आली. एक पायरी चढली की माणूस आत. मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाके आणि त्यांना हवेच्या पिशव्यांचा आधार. पन्नास वर्षांपूर्वीची ही वस्तू आजही जुनाट दिसत नाही.

पण शाफ्ट गेला म्हणून ओझे जात नाही. पुढच्या चाकांची यंत्रणा या गाडीने ओल्डस्मोबिल टोरोनाडो नावाच्या मोटारीकडून घेतली होती. त्या मोटारीचे वजन दोन टनांच्या आसपास. हे घर सामानासह पाच टनांच्या घरात जाते. त्यातले बरेच वजन मागची चार चाके उचलतात हे खरे; तरीही ओढणे, वळणे आणि घराचे तोंड पेलणे ही तिन्ही कामे पुढच्या दोन चाकांच्या पोटातल्या बेअरिंगांवर येतात. प्रत्येक चाकात निमुळत्या रोलरांची एक जोडी, दोन पोलादी कड्यांमध्ये फिरणारी. रोलर निमुळते अशासाठी की त्यांनी गाडीचे वजन तर पेलावेच, शिवाय वळणावरचा आडवा रेटाही सोसावा. या युक्तीचे पेटंट हेन्री टिमकेन यांना १८९८ साली मिळाले. ते घोडागाड्या बनवणारे गृहस्थ होते. हे ऐकून मला आमच्या गावच्या बैलगाड्यांखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे आठवले. गाडीवान आस करकरायला लागली की गाडी थांबवत असे आणि वंगण घालत असे. करकर ऐकूनही पुढे जाणाऱ्याला लोक आळशी म्हणत, आणि बैलांचा वैरीही म्हणत.

या मोटरहोमच्या पुढच्या चाकांना मात्र ती सोय नाही. बेअरिंग स्टिअरिंग नकलच्या पोटात दाबून बसवलेले, दोन्ही बाजूंनी सील केलेले; ग्रीस भरायला बाहेरून तोंडच नाही. नवे वंगण द्यायचे तर चाक, ब्रेक, हब सगळे उतरवून प्रेसवर जोडणी सोडवावी लागते. काही मालक नकलला भोक पाडून ग्रीसचे निपल बसवतात. पण दोन बेअरिंगांमधल्या स्पेसर रिंगलाही भोके पाडली नाहीत तर ते ग्रीस आत पोचतच नाही, असे भाऊजींनी मला कागदावर आकृती काढून समजावले होते. गाडी फार चालवल्याने बेअरिंग झिजते हे मला ठाऊक होते. नुसती उभी ठेवल्यानेही ते बिघडते, हे मला नवे होते. मिशिगनच्या लांबलचक हिवाळ्यात गाडी महिनोन् महिने एका जागी असते. आत ओल धरते, सील कडक होतात, रोलर ज्या जागी टेकलेले असतात तिथे गंजाच्या बारीक रेघा उमटतात. ग्रंथालयातल्या न उघडलेल्या पुस्तकांना कसर लागते, तसेच हे.

आम्ही आय-७५ या महामार्गाने निघालो. फ्लिंट, सॅगिनॉ, बे सिटी मागे पडले. भाऊजी गाडी चालवत होते, मी उजवीकडे बसलो होतो, ताई मागे चहाच्या तयारीत. मी बोलत होतो. दासबोधाच्या चौथ्या दशकावर मी त्या वर्षी एक व्याख्यान दिले होते आणि तेच भाऊजींना ऐकवत होतो. नवविधा भक्तीत श्रवण पहिले का, कीर्तनाच्याही आधी ते का, असे माझे विवेचन रंगात आले होते. ग्रेलिंगच्या पुढे कुठेतरी एक घरघर सुरू झाली. जात्याची असते तशी, सलग आणि खालच्या पट्टीतली. रस्ता डावीकडे वळला की ती चढायची, सरळ झाला की उतरायची. हे मी ऐकत होतो. वाक्यांचा लय ऐकण्यात हयात घालवलेल्या कानाला हे चढउतार न जाणवणे शक्यच नव्हते.

भाऊजींनी मला मध्येच थांबवले. "अरे, तुला काही आवाज येतोय का?"

"नाही हो, रस्त्याचाच असेल," असे म्हणून मी पुन्हा श्रवणभक्तीकडे वळलो.

संध्याकाळी मॅकिनॉ सिटीला पोचलो. समोर १९५७ साली खुला झालेला आठ किलोमीटरांचा मॅकिनॅक पूल. सकाळी तो ओलांडायचा बेत होता. गाडी उभी करताच भाऊजी खाली उतरले आणि नेहमीप्रमाणे एकेका चाकाच्या मध्यभागी तळहात टेकवत सगळ्या गाडीला फेरी घालून आले. या प्रदक्षिणेची मी सकाळीच थट्टा केली होती. उजव्या पुढच्या चाकाशी मात्र त्यांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. डाव्या चाकाचे हब कोमट होते. हे भाजत होते. त्यांनी जॅक लावून चाक उचलले, वरून आणि खालून धरून हलवले. चाक ठक् ठक् वाजले. मला ते दिसले आणि ऐकूही आले. त्यांनी फक्त हाताने ते ओळखले.

मग ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "वर्षभर मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. कानात यंत्र असतं, पण इंजिनाच्या आवाजात ते काही वेगळं काढून देत नाही. ताईला सांगू नकोस, ती गाडी विकायला लावेल. म्हणून हात लावून बघतो. आणि म्हणून तुला विचारलं."

मला काय बोलावे ते कळेना. वाटेतच आवाज ऐकू आला होता, हे मी त्यांना सांगितले. ते रागावले नाहीत. "कुठल्या वळणाला वाढत होता?" एवढेच त्यांनी विचारले. डाव्या, असे मी म्हणालो. "बरोबर. डाव्या वळणाला भार उजव्या चाकावर येतो. तेव्हाच सांगितलं असतंस तर ग्रेलिंगलाच थांबलो असतो." तो स्वर वर्गात नेमके उत्तर देणाऱ्या, पण तास संपल्यावर देणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलावे तसा होता.

दुरुस्तीला चार दिवस लागले. भाग मागवावे लागले, प्रेस असलेला आणि या गाड्यांची माहिती असलेला माणूस शोधावा लागला. त्याने काढलेले जुने बेअरिंग मी हातात घेऊन पाहिले. ग्रीस काळे पडून करपले होते. पोलादी कड्याचा पृष्ठभाग खवले निघावेत तसा उडालेला, कडेला तापल्याची निळी झाक. आणखी किती मैल ते तगले असते, असे मी विचारले. त्याने खांदे उडवले. पुढे आम्ही पूल ओलांडला तेव्हा कळले की त्याच्या आतल्या मार्गिका लोखंडी जाळीच्या आहेत आणि त्यांवरून जाताना चाके मोठ्याने गातात. आदल्या बेताप्रमाणे त्या सकाळी आम्ही निघालो असतो, तर त्या गाण्यात आमच्या चाकाची घरघर मलाही ऐकू आली नसती.

मराठीत आपण वस्तूला सहज 'भरवशाची' म्हणतो. ही गाडी भरवशाची की नाही, असा प्रश्न मला तेव्हापासून अर्धवट वाटतो. त्या बेअरिंगने आपली स्थिती कितीतरी मैल आधीपासून स्पष्ट सांगितली होती. त्याच्याकडून कुठेही लपवाछपवी झाली नव्हती. भरवसा तुटला तो माझ्या खुर्चीत. आम्ही साहित्याचे शिक्षक 'ऐकणे' या शब्दाचे मोठे कौतुक करतो, पण आपल्या बोलण्यात व्यत्यय आणणारे काही ऐकू आले की ते रस्त्याच्या नावावर खपवतो. विद्यार्थ्याच्या चाचरत्या शंकेचे मी वर्गात असेच काही केले असेल, असे प्रसंग त्या चार दिवसांत मला एकामागून एक आठवत राहिले. त्यांची यादी इथे देत नाही. ती लहान नाही.

ताईला शेवटी सगळे सांगितले, भाऊजींनीच सांगितले. गाडी विकली गेली नाही. आता लांबच्या प्रवासात ताई पुढे बसते. आणि वसंतात गाडी पहिल्यांदा बाहेर काढली की कोल्हापुरात माझ्या फोनवर एक ध्वनिफीत येते: दोन-तीन मिनिटांची घरघर, मध्ये ताईचा आवाज, "आता डावीकडे वळतोय... आता उजवीकडे." खाली भाऊजींचा निरोप असतो, "ऐकून सांग." मी दार लावून घेतो आणि दोनदा ऐकतो. पुष्कळदा मला काहीच नक्की कळत नाही. मग तसेच लिहून कळवतो, आणि हब हाताने तपासायला सांगतो.