पत्त्याची पत

शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख कळवणारी शाळेची मेल पालकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडली, तर नुकसान मुलीचं होतं. आमच्या उर्दू शाळेत हे दोनदा घडलं. मजकूर साधा, शाळा खरी. मग अडलं कुठे?

शाळेचा सर्व्हर सांभाळणारा आमचाच माजी विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, मजकूर नंतर वाचतात. आधी मेल कुठून आली तो पत्ता बघतात."

एका सर्व्हरला दोन-तीन आयपी ॲड्रेस असू शकतात. मेल कोणत्या पत्त्यावरून बाहेर पडावी हे सांगून ठेवलं नाही, तर ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच एक निवडते; बहुधा पहिला. आमचा पहिला पत्ता काळ्या यादीत निघाला. आम्ही तो नुकताच भाड्याने घेतलेला. बदनामी आधीच्या भाडेकरूची.

दुसरा पत्ता स्वच्छ होता. पोस्टफिक्समध्ये 'एसएमटीपी बाइंड ॲड्रेस' या एका ओळीत तो लिहिला की मेल तिथूनच निघते. आयपीव्ही6साठी वेगळी ओळ असते. पण त्याआधी कागदपत्रं जुळावी लागतात. पत्त्यावरून उलटा शोध घेतला तर सर्व्हरचं नाव निघावं. ही पीटीआर नोंद ज्याच्याकडून पत्ता घेतला त्याच्याकडून करून घ्यावी लागते. त्या नावावरून पुन्हा तोच पत्ता मिळावा. सर्व्हरने समोरच्याला 'हेलो' करताना तेच नाव सांगावं. आणि एसपीएफ नोंदीत या पत्त्याला आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी असावी. हे सगळं जुळवलं आणि मेल इनबॉक्समध्ये पोहोचू लागल्या.

शाळा, वाचनालय, जमातीचं कार्यालय, कुणीही स्वतःचा मेल सर्व्हर चालवत असेल तर एवढं एकदा तपासून घ्यावं.

मला मात्र खोली शोधत फिरणारी आमची मुलं आठवत राहिली. नाव आणि मोहल्ला सांगितला की फोनवरचा आवाज बदलतो. "खोली कालच गेली." पुढचं कुणी ऐकूनच घेत नाही. सर्व्हरला एका ओळीत दुसरा पत्ता देता येतो. काळ्या यादीतून सुटायला अर्ज करण्याची सोय असते. मोहल्ल्याने तसा अर्ज कुणाकडे करायचा?

वर्गात अर्जलेखन शिकवताना मुलं विचारतात, "सर, पत्ता मामाकडचा लिहू का?" मी सांगतो, जिथे राहतोस तोच लिही, पिनकोडसकट.