चौघांचा एक बटवा

2024 च्या मार्च महिन्यात आम्ही चौघे शाळासोबती नऊ दिवसांसाठी व्हिएतनामला जाऊन आलो. प्रत्येकी खर्च 62,000 रुपयांच्या आत बसला. हे कळल्यापासून सांगलीत मला भेटणारा प्रत्येक जण प्रथम खर्चाचा हिशेब विचारतो आणि मग तिथे काय पाहिले ते विचारतो. व्यापारी समाजात हे स्वाभाविकच आहे. म्हणून मीही हिशेबच सांगणार आहे; मात्र त्यातील एका नोंदीसाठी मला थोडे मागे जावे लागेल.

चौघे म्हणजे हळदीची आडत असलेले अण्णा, हायस्कूलमधून निवृत्त झालेले मास्तर, कापडाचा व्यापारी असलेला आमचा शेठ आणि बँकेत पस्तीस वर्षे काढलेला मी. शेठला शेठ हे नाव सहावीतच पडले होते, कारण मधल्या सुट्टीत चिंचा-बोरांचे पैसे नेहमी तोच देई. पुढे ती त्याची सवयच झाली. हॉटेलात बसलो की गल्ल्यापाशी त्याच्याआधी पोचणे कोणाला जमले नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी त्याच्या पेठेतील दुकानात शिरले आणि कित्येक दिवस उतरले नाही. सणासुदीसाठी भरलेला माल तळमजल्यावर होता. दोन वर्षांनी त्याने दुकान बंद केले. आता तो पुतण्याच्या दुकानात हिशेब पाहतो.

सहलीची कल्पना अण्णांची. त्यांनी एका टूर कंपनीचे पत्रक आणले, माणशी 1,10,000 रुपयांचे. शेठ ते वाचून म्हणाला, "तुम्ही तिघे जाऊन या. माझा गुडघा दुखतोय." गुडघा दुखणारा हा मनुष्य रोज पहाटे आयर्विन पुलापर्यंत चालत जातो, हे आम्हा तिघांना ठाऊक होते. पत्रक बाजूला ठेवले आणि मी कागद-पेन्सिल घेतली. आपली सहल आपणच आखायची, असे ठरले.

स्वतः आखणे वाटते तितके अवघड नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदाच प्रवेशासाठी 25 डॉलरना मिळतो. मात्र अर्ज त्यांच्या सरकारच्याच संकेतस्थळावर करावा. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या स्थळांवर दुप्पट-तिप्पट पैसे जातात. पासपोर्टवरील नाव अक्षरशः तसेच भरावे. विमान मुंबईहून थेट हानोईचे घेतले. स्वस्त विमानसेवेत हातातील सामान सात किलोच आणि ते खरोखरच वजन करून पाहतात. टूर कंपनीचे पॅकेज घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस वसूल होतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पण पुष्कळ लोक ते विसरतात.

पैशाची व्यवस्था शेठने ठरवली. मास्तरांच्या पत्नीने शिवलेला एक खणाचा बटवा होता. त्यात चौघांनी सारखी रक्कम टाकायची, निवास, गाड्या, तिकिटे, जेवण असा सर्व खर्च त्यातून करायचा, बटवा मी सांभाळायचा आणि रोज रात्री शेठने हिशेब तपासायचा. शिवाय एक कलम त्याने मुद्दाम घातले : कोणी कोणाला स्वतःच्या खिशातून काहीही खिलवायचे-पाजवायचे नाही. ते कलम कोणासाठी होते हे आम्ही ओळखले आणि कोणी काही बोलले नाही.

व्हिएतनामचे चलन डाँग. त्यावेळी एका रुपयाला साधारण 300 डाँग पडत. तीस हजार म्हणजे शंभर रुपये, एवढे एक समीकरण पाठ केले की बाजारात अडत नाही. एटीएम किंवा कार्डाच्या यंत्राने 'रुपयांत आकारू का?' असे विचारले तर नाही म्हणावे आणि डाँगच निवडावे. रुपये निवडले की त्यांचा महागडा दर लागतो. मोठ्या नोटा प्लास्टिकच्या, सर्वांवर हो ची मिन्ह यांचे चित्र. मला मौज वाटली ती मागच्या बाजूची. एक लाखाच्या नोटेवर हानोईचे साहित्यमंदिर, दोन लाखांच्या नोटेवर हा लाँगचा उपसागर, वीस हजारांच्या नोटेवर होई आनचा जपानी पूल. आमचा मार्गही योगायोगाने हाच होता. मास्तर म्हणाले, "साहेब, तू आम्हाला नोटा दाखवायलाच आणलंस की!"

हानोईच्या जुन्या भागात गल्ल्यांची नावे मालावरून पडलेली आहेत. 'हांग' म्हणजे माल. हांग बाक ही चांदीची गल्ली; हांग गाय आता रेशमासाठी ओळखली जाते. दुकानाचे तोंड अरुंद आणि आत खोली लांबच लांब, वर कुटुंबाचे राहणे. अण्णा म्हणाले, "ही तर आपली पेठच!" आम्ही याच भागात दोन खोल्या घेतल्या होत्या. लिफ्ट नव्हती, पण सर्व काही पायी जाण्याच्या अंतरावर होते आणि टॅक्सीचा खर्च वाचला. रस्ता ओलांडणे हे मात्र दिव्य आहे. स्कूटरांचा लोंढा थांबत नाही. एकसारख्या संथ गतीने चालत राहावे, मध्येच थांबू नये, धावू तर मुळीच नये. स्कूटरवाले आपल्याला वळसा घालून जातात.

साहित्यमंदिराची स्थापना 1070 सालची. तिथे दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिलालेख उभे आहेत, त्यांवर राजदरबारची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावे कोरलेली आहेत. मास्तर तिथून तासभर हलले नाहीत. "नापास झालेल्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही," एवढेच शेठ म्हणाला.

खाण्याविषयी सर्वांत अधिक विचारणा होते. तेथील सारे जेवण माशाच्या अर्कावर चालते, म्हणून नुसते भाजी-भात मागून भागत नाही. एक शब्द लक्षात ठेवावा : 'चाय'. त्याचा अर्थ चहा नव्हे, शाकाहार. चहाला हानोईत 'चा' म्हणतात. दुकानाच्या पाटीवर 'चाय' असेल तर तेथे मांस-मासे नसतात. बौद्ध उपासक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी असे जेवतात, त्यामुळे या खाणावळी जागोजाग सापडतात आणि स्वस्तही असतात. मठांच्या परंपरेतील स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो. गाजर, बटाटा, मशरूम आणि अंडे मात्र येऊ शकते. त्यांची चित्रे आम्ही मोबाइलवर ठेवली होती. ती दाखवून 'खोंग' म्हणजे 'नाही' म्हटले की काम होई. मार्चमध्ये सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणून पाचलाच जेवून घेत असू. बरोबर खाकरे, बिनलसणाचा भडंग आणि एक छोटा विजेचा कुकर होता. त्यातली मूगडाळीची खिचडी दोनदा कामी आली.

हा लाँगला आम्ही एका दिवसात जाऊन आलो. बोटीवर मुक्काम करण्याचा खर्च आमच्या बटव्याला झेपणारा नव्हता. समुद्रातून वर आलेले चुनखडीचे सोळाशेहून अधिक सुळके, त्यांवर झाडी आणि पाण्यावर धुके. बोटीवरचे जेवण माशांचेच असल्यामुळे आम्ही वरच्या डेकवर डबा उघडला. एवढे दृश्य समोर असताना खाली जेवायला कोण जाईल, असेही वाटले.

हानोईहून दा नांगला रात्रीच्या रेल्वेने गेलो. अंतर 791 किलोमीटर, संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते. मऊ गादीच्या डब्यात चार बर्थची बंद खोली मिळते, म्हणजे चौघांचे स्वतंत्र घरच, आणि एका रात्रीचे हॉटेल वाचते. दा नांगच्या आधी गाडी हाय वान घाटात समुद्राच्या कडेने चालते. तेवढा वेळ खिडकी सोडू नये.

दा नांगपासून तीसेक किलोमीटरवर होई आन. कित्येक शतके येथे चीन-जपानचे व्यापारी जहाजे घेऊन येत. पुढे नदी गाळाने भरली, व्यापार दा नांगला गेला आणि गाव होते तसे राहिले. चिनी व्यापाऱ्यांनी आपापल्या प्रांतवार बांधलेली सभागृहे तेथे आजही आहेत. परगावी आलेल्या आपल्या माणसाला आधार देणारी ती वास्तू पाहून आपल्या समाजाच्या धर्मशाळा आठवल्या.

त्या संध्याकाळी जपानी पुलाजवळ, कंदिलांच्या उजेडात, मी एका बाईकडून वीस हजारांची केळी घेतली. खोलीवर येऊन बटवा मोजला तर 4,80,000 डाँग कमी. माझ्या ध्यानात आले. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळी. पस्तीस वर्षे नोटांशी संबंध आलेल्या माणसाने वीस हजारांच्या जागी पाच लाख दिले होते. त्या बाईच्याही लक्षात आले नसेल, किंवा आले असेल. तेव्हापासून आम्ही पाच लाखांच्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवल्या, हे वाचकांनीही करावे. पण तेव्हा मला एवढेच सुचले की कोणाला कळू द्यायचे नाही. माझ्या स्वतःच्या पाकिटातून दोन लाखांच्या दोन नोटा आणि ऐंशी हजारांची मोड काढून मी बटव्यात टाकली आणि वहीत 'केळी 20,000' असे लिहिले.

रात्री शेठने बटवा उघडला. बेरीज जुळली. तरी तो नोटांकडे पाहत राहिला.

"दुपारी पाच लाखांच्या चार होत्या. आता तीन आहेत. आणि दोन लाखांच्या दोन वाढल्यात. मोड कुठं घेतलीस?"

मी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. खोटे बोलण्याचा सराव नसल्याने ते टिकले नाही. झाले ते सांगावे लागले.

"मग वहीत तसंच लिही. नुकसान बटव्याचं आहे. माणशी एक लाख वीस हजार."

"अरे, चूक माझी. चारशे रुपये तू कशाला..."

"कलम विसरलास? स्वतःच्या खिशातून नाही, असं ठरलंय." त्याचा आवाज चढला. मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, "माझ्याकडं बघून चौघांचा हिशेब वेगळा करू नका. नाहीतर मला उद्याच परत पाठवा."

अण्णा आणि मास्तर पांघरूण घेऊन झोपल्यासारखे पडून राहिले. मी ते 4,80,000 परत घेतले आणि वहीत तूट लिहिली.

दुसऱ्या सकाळी आम्ही तान की नावाच्या जुन्या व्यापारी घरात गेलो. एका रस्त्याकडून आत जावे आणि दुसऱ्या बाजूने नदीकाठी बाहेर पडावे, असे ते लांब घर. आत भिंतीवर वेळोवेळच्या पुरांच्या खुणा सालासह लावलेल्या आहेत. त्यांत 1964 ची फार वर आहे. शेठ तिच्यापाशी गेला, हात उंच करून पाहिला आणि म्हणाला, "आमच्याकडं एवढंच होतं." तेथील मार्गदर्शक मुलीने सांगितले की गावातल्या काही घरांत माळ्याच्या फळ्यांना झडप ठेवलेली असते आणि पूर येऊ लागला की तिच्यातून माल वर ओढून घेतात. शेठ छताकडे पाहत उभा राहिला.

आता ती मागची गोष्ट. शेठचे कॅश क्रेडिट खाते काही काळ माझ्या शाखेत होते. मालाचा विमा कर्जाच्या मर्यादेला पुरेल एवढा, पंचवीस लाखांचा उतरवलेला होता. सणाच्या तोंडावर त्याच्या दुकानात पन्नास लाखांचा माल असे, हे मला ठाऊक होते. वाढवावा का, असे त्याने एकदा विचारले होते. मी म्हणालो होतो, "बँकेला पुरेसा आहे." बँकेला तो पुरेसाच होता. पण माल पन्नास लाखांचा आणि विमा पंचवीस लाखांचा असेल, तर तीस लाखांचा माल बुडाल्यावर हाती पंचवीस लाख येत नाहीत, पंधराच येतात. विमा जितका अपुरा, तितक्या प्रमाणात भरपाई कापली जाते. याला अ‍ॅव्हरेज क्लॉज म्हणतात. हे मला तेव्हा माहीत होते. मी ते सांगितले नव्हते, आणि पुरानंतरच्या पाच वर्षांत आम्ही त्याविषयी एकदाही बोललो नव्हतो.

नदीकाठी बाहेर पडल्यावर मी त्याला म्हणालो, "शेठ, त्या विम्याचं मी तुला तेव्हा नीट सांगायला हवं होतं."

तो बराच वेळ होड्यांकडे पाहत राहिला. "मीपण हप्ता वाचला म्हणून खूश होतो," तो म्हणाला. मग, "चल, मास्तर पुढं गेले. हरवतील." त्याने माफ केले की नाही हे मला अजून ठाऊक नाही. त्याने ते सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

उरलेले दोन दिवस लवकर गेले. मी सोन येथील चाम राजांची विटांची शिवमंदिरे पाहिली. तेथे सकाळी लवकर जावे, उन्हात फार त्रास होतो. दा नांगहून देशांतर्गत विमानाने हानोई आणि तेथून मुंबई. हानोईच्या विमानतळावर शेठने बटवा शेवटचा मोजला. 3,20,000 डाँग उरले होते. माणशी ऐंशी हजार, म्हणजे वीस हजारांच्या चार-चार निळ्या नोटा. मोड त्यानेच दुकानातून करून आणली आणि प्रत्येक नोट उजेडात धरून, मागचा पूल पाहून, वाटून दिली.

माझ्या नोटा हातात ठेवताना तो म्हणाला, "मंगळवारी दुकानात ये. पुतण्यानं पॉलिसी नवी केलीय. एकदा वाचून दे."

मी सोमवारीच गेलो.