स्टेन्सिल कापणारीचे दिवस

मराठी टंकलेखन मी शिकले ते नोकरीसाठी. 1964चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला, सरकारी कारभार मराठीतून व्हायचं ठरलं आणि मराठी टायपिस्ट हवेत अशा जाहिराती दिसू लागल्या. डोंबिवलीतल्या टायपिंगच्या क्लासात इंग्रजी यंत्रांच्या शेजारी मराठी यंत्रं येऊन बसली. मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा, मग 40 शब्दांची. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीसाठी ही ठरलेली वाट होती: प्रमाणपत्र, फोर्टातली कचेरी, लोकलचा पास. दिवसभर मी परिपत्रकं टाइप करायची. आणि रविवारी, त्याच बोटांनी, आमच्या घरात कुणी तोंडातून काढले नसते असे शब्द स्टेन्सिलवर कापायची.

लघुअनियतकालिकांचे, म्हणजे ठरावीक मुदतीशिवाय निघणाऱ्या छोट्या वाङ्मयीन अंकांचे ते दिवस. आमच्या मित्रांचं टोळकंही असा अंक काढायचं. 1950च्या दशकाच्या मध्यावर दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढलं, तेही सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलमधून शाई दाबून प्रती काढून. मग 1963मध्ये अशोक शहाण्यांचं ‘असो’, पुढे ‘वाचा’, ‘फक्त’, राजा ढाल्यांचं ‘येरू’, चंद्रकांत खोतांचं ‘अबकडई’. अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग 1962त मुंबईला येऊन गेला होता आणि अमेरिकेतल्या बंडाची हवा इथे पोचली होती, हे खरं. पण आमच्या पोरांना भडकवलं ते भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ आणि भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’ या कादंबऱ्यांनी. 1972मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला तेव्हा मित्रांच्या टोळक्यात दोन दिवस कुणी धड बोललं नव्हतं. शिवाय आम्ही डोंबिवलीकर. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे आमच्याच गावात राहायचे. ज्या पिढीच्या कथेवर रात्री तुटून पडायचं, त्या पिढीचे लेखक सकाळी रस्त्यात दिसायचे आणि मुलं अदबीनं वाट द्यायची. या अदबीत मला खोटेपणा कधी वाटला नाही. भांडण लिहिण्याशी होतं.

घरदार, नोकरी सोडून निघून जाणारी बंडखोरी आमच्यात फारशी नव्हतीच. परवडणारी नव्हती. ढसाळ टॅक्सी चालवत, कवी सतीश काळसेकर बँकेत होते, कोलटकर जाहिरातक्षेत्रात. आमच्या टोळक्यातले कारकून होते, शिक्षक होते, एक जण रेल्वेत. बंड करायचं ते लोकलच्या वेळा सांभाळून. म्हणूनच सायक्लोस्टाइलचं महत्त्व. छापखान्यात गेलं की खिळे जुळवणारा मजकूर वाचणार, मालक वाचणार, आगाऊ पैसे मागणार आणि एखादा शब्द बघून हात वर करणार. स्टेन्सिल, शाईची ट्यूब आणि कागदाचं रीम एवढं जमलं की मध्ये कुणीच उरत नाही. मराठी वाङ्मयातलं ते बंड घडलं त्याचं अर्धं श्रेय मी या यंत्राला देते.

स्टेन्सिल कापणं हे हाताचं काम आहे. मेण चढवलेला तो पातळ कागद यंत्रावर चढवायचा, रिबन बाजूला करायची, म्हणजे खिळा थेट कागदावर बसतो आणि अक्षराच्या आकाराचं मेण दूर होतं. त्याआधी ब्रश आणि टाचणी घेऊन प्रत्येक खिळ्याच्या पोटातला मळ काढायचा. सगळ्या कळांवर सारखा जोर देऊन चालत नाही. पूर्णविराम आणि अनुस्वार हलक्या बोटानं, नाहीतर भोक पडतं आणि प्रत्येक प्रतीत तिथे शाईचा थेंब. ‘ठ’सारखं गोल अक्षर जोरात बसलं की त्याचं पोट सुटून पडतं आणि छापताना काळा ठिपका उमटतो. चुकलं तर लाल द्रावणाचा पातळ हात द्यायचा, फुंकर घालून वाळवायचं आणि त्याच जागी पुन्हा बेतानं कळ दाबायची. शीर्षक मात्र हातानं, लेखणीनं कोरायचं. इथे देवनागरीची खरी परीक्षा. इंग्रजी अक्षरं सुटी असतात. आपली शिरोरेषा एका दमात ओढली तर स्टेन्सिल तिथेच फाटते. म्हणून दर अक्षरापाशी लेखणी उचलायची, केसाएवढी जागा सोडायची, तरी वाचणाऱ्याला रेघ अखंड दिसली पाहिजे. हे ज्याला जमलं त्याला मी कारागीर म्हणते.

कवी शेजारी बसायचे. ओळ इथे तोडायची की तिथे, दोन शब्दांत किती मोकळी जागा, यावर वाद व्हायचे आणि निर्णय पुष्कळदा माझ्या बोटांचा असायचा, कारण पुढे समास संपलेला असायचा. व्याकरण झुगारणाऱ्या कवितेचं शुद्धलेखनही मी तिच्या तिच्या नियमानं काटेकोर ठेवलं. तीच ओळ पुन्हा आली तर तीच ‘चूक’ पुन्हा हवी. विस्कटलेली कविता विस्कळीतपणे टाइप करता येत नाही, हे मी तिथे शिकले. मजकुरातल्या शिव्यांनी मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही. अवघडले ते अंकावर पाच-सहा संपादकांची नावं छापली जात आणि टाइप करणारीचं कुठेच नसे तेव्हा. प्रस्थापितांशी एवढं भांडलेल्या चळवळीत बायकांची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. तिचं मोठेपण मानूनही हे म्हटलं पाहिजे.

पावसाळ्यात छपाईचे हाल. कागद ओल धरायचा, दोन-दोन ताव एकदम आत जायचे, ओल्या शाईचा ठसा पुढच्या तावाच्या पाठीवर उठायचा. मग मध्ये रद्दी घालत एकेक प्रत काढायची. अंक दादर स्टेशनवर हातोहात जायचे, उरलेले पोस्टानं. मी काही लेडीज डब्यात वाटले. वाचून परत देणाऱ्या होत्या, तशाच पुढचा अंक कधी म्हणून विचारणाऱ्याही.

1975च्या जूनमध्ये आणीबाणी आली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला आणि भूमिगत पत्रकं सायक्लोस्टाइलवरच निघू लागली. तेव्हा ही विद्या वेगळ्याच कामाला आली. तुटक्या खिळ्यावरून यंत्र ओळखता येतं, म्हणून यंत्र बदलायचं, हाताचं अक्षर कुठेही येऊ द्यायचं नाही. वर्षानुवर्षं आम्ही कवितेसाठी जे कौशल्य कमावलं होतं, त्याची किंमत मला त्या महिन्यांत कळली. पुढे झेरॉक्स आली आणि स्टेन्सिल दुकानांतून नाहीशी झाली.

आता विनंती. डोंबिवली, कल्याण, ठाण्यातल्या जुन्या इमारती पाडून नव्या होत आहेत आणि माळे रिकामे केले जात आहेत. तिथे फूलस्केपचे, कडेला टाचलेले, तपकिरी पडलेले गठ्ठे सापडतील. शाई टिकली आहे, कागद मोडतो आहे. गंजलेल्या पिना हळूच काढा, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. मग ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा जवळच्या एखाद्या जुन्या वाचनालयात विचारा. हे अंक मुळात थोडेच निघाले होते. तुमच्या घरातली प्रत कदाचित शेवटची असेल. ती रद्दीत देऊ नका.